वन्संच्या निधनाची पहिली बातमी

२०१५ साली माझ्या नणंदबाई वारल्याची बातमी सगळीकडे झाली, आणि ती मीच केली होती. वन्सं तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. स्वतः गाडी चालवत बाजारात जायच्या आणि येताना कुणी वेडीवाकडी गाडी लावलेली दिसली की काच खाली करून दोन शब्द सुनावायच्या. आपण गेल्याचं त्यांना सगळ्यात शेवटी कळलं.

ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी सुनेने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा गेला होता. "आई, तडा नुसता वरचा आहे, आत सगळं ठीक आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माझंही तसंच आहे. दे."

फोन कसा वापरायचा ते शिकवता शिकवता तिने मला एका गटात घातलं. गटाचं नाव 'लिहिते हात'. तिथे लोक स्वतः लिहिलेलं टाकायचे आणि बाकीच्यांनी ते वाचायचं, अशी योजना होती. "तुम्ही आयुष्यभर लिहीतच होता की," सून म्हणाली. तिला वाटायचं, वर्तमानपत्रात नोकरी केली म्हणजे लिहिलंच असणार. तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

मी छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसायची. लग्नानंतर लागले ते निवृत्त होईपर्यंत तीच खिडकी, तीच काच, आणि काचेतलं तेच अर्धगोल भोक. भाड्याने खोली, हरवलेलं मांजर, विकायचा पियानो. आणि शेवटच्या रकान्यात निधन. निधनवाले लोक खिडकीशी येऊन नुसते उभे राहायचे. मग मी विचारायची: पूर्ण नाव, जन्म कधीचा, काम काय करायचे, स्वभाव दोन शब्दांत, आणि मागे कोण कोण. स्वभावापाशी सगळे अडायचे. चाळीस वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याच्यासाठी दोन शब्द सापडायचे नाहीत. मग मी तीन शब्द पुढे करायची, पाहुण्यांसमोर बिस्किटांची बशी करावी तशी: मनमिळाऊ, मायाळू, कष्टाळू. बहुतेक जण हाताला लागेल ते उचलायचे. एक गृहस्थ मात्र बराच विचार करून म्हणाले होते, "लिहा, स्वयंपाक बरा करायची." मी म्हटलं, असं छापत नाहीत. ते म्हणाले, "मग मायाळू लिहा. पण बरा करायची." त्यांचा ओला रेनकोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर संपादक बसायचे. त्यांचे अग्रलेख दुसऱ्या दिवशी कपाटाच्या फळीवर अंथरले जायचे. माझं लिखाण लोक कातरीने कापून पाकिटात जपून ठेवायचे. त्यावर नाव मात्र कधी माझं नसायचं, आणि ज्याचं असायचं त्याला ते वाचता येत नसे.

तर 'लिहिते हात'. या गटात लिहिणारे पुष्कळ होते. वाचणारे किती होते ते देवाला ठाऊक. गटप्रमुखांनी नियम केला होता की स्वतःचं टाकण्याआधी दुसऱ्या तिघांच्या लेखनावर अभिप्राय द्यायचा. त्यामुळे माणसं भराभर तिघांना अभिप्राय देऊन मोकळी व्हायची. 'अप्रतिम.' 'डोळे पाणावले.' 'शब्दच नाहीत.' शब्दच नाहीत असं लिहिणारे एक सद्गृहस्थ रोज दोन कविता टाकायचे.

गटप्रमुख स्वतः मोठे कवी होते, म्हणजे लांब कविता लिहायचे. पूर्वी ते कुठल्याशा वजन-मापांच्या कार्यालयात निरीक्षक होते. दुकानदारांच्या तराजूंत त्यांना केसाएवढा फरक खपायचा नाही, असं ऐकलं होतं. कवितेच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सढळ होता.

मी सहा महिन्यांत पाच-सहा लेख टाकले. खिडकीवर आलेल्या माणसांवर, हरवलेल्या छत्रीवर, पियानो विकायला आलेल्या आणि न विकताच परत गेलेल्या बाईवर. एका लेखाला एक अंगठा मिळाला. तो ह्यांच्या फोनवरून आला होता, आणि हे अंघोळीला गेले असताना मीच दाबला होता. छत्रीच्या लेखाखाली गटप्रमुखांनी चार दिवसांनी एक फूल ठेवलं आणि लिहिलं, 'सुंदर कविता.'

माणसाला वाटतं, या वयात आपल्याला काय फरक पडतो. पडतो. तरुणपणी कुणी विचारलं नाही तर पुढे विचारतील अशी आशा तरी असते. मला एवढंच बघायचं होतं, की तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने जे लिहिलं ते माझ्या नावाने लिहिलं तर कुणी वाचेल का. नुसता अंगठा नको, वाचणारा हवा. मी मनाशी ठरवलं, एक शेवटचा लेख टाकायचा. तोही असाच विहिरीत पडला तर गट सोडायचा, आणि पुन्हा म्हणून लिहायचं नाही.

शेवटचाच लेख, म्हणून मी वन्संवर लिहायचं ठरवलं. इतकी वर्षं त्यांच्यावर लिहायची हिंमत झाली नव्हती.

वन्सं माझ्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, मोटार शिकवण्याचा क्लास काढला. त्या काळात बाईने गाडी चालवली तरी लोक वळून बघायचे, आणि ह्या तर पुरुषांना शिकवायच्या. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, जादा. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला की तो दाबायचा. वन्संनी तो इतकी वर्षं दाबला की पुढे पुढे ब्रेक नसला तरी त्यांचा उजवा पाय दाबला जायचा. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत जेवायला बसले तेव्हा घाबरून सारखी बोलत होते. माझ्या माहेरची गाद्या-उशांची दुकानं एकाची दोन झाली, दोनाची तीन झाली. तेवढ्यात टेबलाखाली लक्ष गेलं. वन्संचा पाय हळूच जमिनीत रुतत होता. तोंडाने त्या म्हणत होत्या, "हो का, अजून वाढू का?" तेव्हापासून मी त्यांच्या तोंडाकडे कमी आणि पायाकडे जास्त बघायला शिकले. मला 'वहिनी' त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी खिडकीवर बसायची म्हणून माझं नाव त्यांनी 'काउंटर' ठेवलं होतं.

हे सगळं मला लिहायचं होतं. पण लिहिणार कसं? मला माणूस मांडायची एकच रीत येत होती. वर पूर्ण नाव, मग जन्मसाल, मग काम: 'शहरातल्या पहिल्या महिला मोटार-प्रशिक्षक.' मग स्वभाव: 'शिस्तप्रिय, पण आतून मायाळू.' एवढं झाल्यावर माझा हात मोकळा झाला, आणि त्यापुढे पाय, ब्रेक, जेवणाचं टेबल, सगळं आपोआप आलं. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की गेल्याच आठवड्यात मी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते, वन्सं दारातून आत आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचा पाय दाबला गेला आणि मी स्टुलावरून उतरले.

सुनेने लेख चढवायला मदत केली. "आई, फोटो हवा. फोटो नसला तर कोणी थांबतसुद्धा नाही."

माझ्याकडे वन्संचा एकच बरा फोटो होता. क्लासच्या गाडीला टेकून उभ्या, काळा-पांढरा. "छान आहे, जुना फील येतो," असं म्हणून तिने त्याला एक काळी चौकट दिली. लेखाच्या वरच्या तीन-चार ओळी दिसायच्या, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'पुढे वाचा'. त्यावर बोट ठेवलं की बाकीचा लेख उघडायचा.

टाकला एकदाचा. आणि फोन फ्रिजवर ठेवून मी ह्यांच्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेले, कवळीचं माप द्यायचं होतं. मुद्दामच ठेवला. तिथे बसून दर मिनिटाला फोन बघणं मला शोभलं नसतं.

परत आलो तर फ्रिजवर फोन थरथरत होता. मी चष्मा लावला. पन्नासच्या वर अभिप्राय, आणि बघता बघता वाढत होते. मी खुर्चीत बसले.

"अहो, इकडे या. ऐका. 'डोळे पाणावले.' 'शब्दच नाहीत.' 'वाचून सुन्न झालो.'"

"सुन्न कशाने?" हे चूळ भरत भरत म्हणाले.

"लिखाणाने. 'काय बोलावं सुचत नाही.' 'असं व्यक्तिमत्त्व पुन्हा होणे नाही.'"

"ते मात्र खरं आहे."

सांगायला हरकत नाही, तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता. मी चहा टाकला आणि तो उतू जाऊ दिला. मनात पुढच्या लेखाचा विषयही ठरला. या गटात चांगल्या लेखाला जे म्हणतात आणि वाईट बातमीला जे म्हणतात त्यांत फरक नसतो, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मग ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लांब धरून वाचलं, "'ताईंच्या आत्म्यास शांती लाभो.' अगं, हे कुठल्या ताईंबद्दल?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी चुकून दुसरीकडचं इकडे टाकलेलं."

"'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'माझ्या पहिल्या गुरू गेल्या, आज रस्ता पोरका झाला.' हे सगळ्यांनीच चुकून टाकलंय का?"

तेवढ्यात घरातला फोन वाजला. वन्संचा आवाज आला, "काय गं काउंटर, मी गेले का?"

मी ह्यांच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"नाही, तुला माहीत असेल म्हणून विचारते. दारात तीन माणसं फुलं घेऊन उभी आहेत. दार मीच उघडलं तर एकाच्या हातातली फुलं खाली पडली. तो माझा जुना विद्यार्थी आहे, परीक्षेत चारदा नापास झालेला. मी गेले म्हणून आला असेल की नक्की गेले ना ते बघायला आला असेल, देव जाणे."

"वन्सं, अहो मी तसं काही लिहिलं नाही..."

"तू लिहिलंस होय. मग बरोबर. बाळ घरी आहे का? त्याला सांग, रडू नकोस म्हणावं. मी येते."

त्यांनी फोन ठेवला. बाळ म्हणजे आमचे हे, वय वर्षं बाहत्तर. कवळीच्या मापाचा पांढरा लगदा ओठाला लागलेला तसाच होता.

त्या येईपर्यंत गटप्रमुखांचाही फोन आला. फार गंभीर आवाजात त्यांनी विचारलं, "अंत्यविधी कधी आहे? गटातर्फे दोन शब्द बोलायचं ठरतंय."

मी म्हटलं, "अहो, त्या आहेत."

"आपल्या सगळ्यांच्या मनात त्या राहतीलच."

"तसं नाही. इकडेच येतायत. गाडी घेऊन."

मग ते म्हणाले, "पण मी कविता टाकली आहे." ती मी नंतर पाहिली. नाव होतं 'थांबलेले चाक'. बावीस कडवी. माझ्या लेखाला मिळाले त्याहून जास्त अंगठे तिला मिळाले होते.

"तुम्ही लेख वाचलात का?" मी विचारलं. "शेवटच्या परिच्छेदात त्या मला स्टुलावरून उतरवतात. गेल्या आठवड्यात."

"वाचला की. म्हणजे, पाहिला," ते म्हणाले. मग आवाज निरीक्षकाचा झाला. "हे बघा, गटाची शोभा झाली. लेख ताबडतोब काढून टाका, आणि एक खुलासा द्या. मी मजकूर सांगतो, 'नवोदित लेखिकेच्या अपरिपक्व मांडणीमुळे.' असं लिहा म्हणजे कोणाचा राग राहणार नाही."

मी "बरं" म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला ते पटलंच होतं. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शंभराच्या वर लोक माझ्या लेखावर रडले होते, आणि त्यांतल्या एकानेही तो उघडला नव्हता. वरच्या चार ओळी आणि चौकट बघून रडले होते. वाचला असता तर हसले असते. छत्रीचा लेख कुणी वाचला नाही तेव्हा निदान शांतता तरी होती. मी सुनेला हाक मारली. "लेख कसा काढतात ते दाखव. आणि गट सोडायचा कसा तेही दाखव, एकदमच होऊन जाऊ दे."

सून बिचारी रडवेली झाली होती. "आई, चौकट मी टाकली हो."

"चौकटीचं काय घेऊन बसलीस. चित्र माझंच आहे."

एवढ्यात खाली हॉर्न वाजला. वन्सं हॉर्न कधी वाजवत नसत, त्यांच्या मते हॉर्न म्हणजे ज्याला गाडी येत नाही त्याची भाषा. त्या दिवशी वाजवला. वर आल्या त्या दोन्ही हातांत फुलं घेऊन. "धर. माझ्याकडे पाण्याला भांडं उरलं नाही."

ह्यांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "काय रे बाळ, जिवंत आहे मी," त्या म्हणाल्या. "तू आधी तोंड पूस."

मग त्या टेबलाशी माझ्यासमोर बसल्या. "हं. आण तो फोन. सगळ्या गावाने वाचलंय, मी तेवढी राहिले."

"वन्सं, राहू द्या. काढूनच टाकतेय मी."

"माझ्या मरणाचं मी वाचायचं नाही?"

मी फोन दिला. वरच्या चार ओळी वाचून त्यांनी 'पुढे वाचा' शोधलं, त्यावर बोट ठेवलं, आणि वाचायला लागल्या. ओळीखालून बोट सरकवत, ओठ न हलवता. खिडकीवर रोज माणसं माझ्यासमोर वाचायची, त्यात मला नवल नव्हतं. पण ती आपलं माणूस वाचायची, माझं लिखाण नाही. या वेळी काचही मध्ये नव्हती. मी टेबलाखाली बघितलं. उजवा पाय स्वस्थ होता. चपलेतून टाच थोडी वर काढलेली, सैल. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला, गाद्यांची दुकानं आली, पाय हलला नाही. कुठेतरी त्या हसल्या, म्हणजे नाकातून एक श्वास जरा जोरात सोडला. शेवटच्या परिच्छेदावर बोट थांबलं. स्टूल. मग त्यांनी बोटाने लेख खाली ओढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा पाय दाबला गेला. अगदी वरच, चार ओळींत.

मला राहवलं नाही. "वन्सं, कुठे लावलात ब्रेक?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे. इतक्या वर्षांत मी हे तोंडाने कधी विचारलं नव्हतं. "हा शब्द," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे वळवला. बोट 'मायाळू'वर होतं. "ही कोण?"

"तुम्हीच की."

"मी नाही. कधी माया केली मी तुझ्यावर? सांग एक प्रसंग."

मी म्हटलं, "मला गाडी शिकवायला घेऊन गेला होतात."

"आणि तू कुंपणात घातलीस. महिनाभर बोलले नाही मी तुझ्याशी. ती माया होती का?" त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "अगं, हा तुझा खिडकीवरचा शब्द आहे. आमचे काका गेले तेव्हा त्यांनाही तू हाच दिला होतास, आणि काका म्हणजे..." त्यांनी सुनेकडे बघितलं आणि काकांचं पुढचं गिळलं. "बाकी सगळं माझं आहे. कुठून कुठून बघत होतीस कोण जाणे, पण माझं आहे. हा एक शब्द दुसऱ्या कुणाचा तरी पडलाय त्यात. दाताखाली खडा यावा तसा."

"म्हणजे बाकीचं बरं आहे?"

"बरं नसतं तर दोनदा वाचलं असतं का? मला काय कामं नाहीत? एकदा मेल्यावर घरात किती पसारा होतो तुला कल्पना नाही. फुलं, माणसं, चहा."

मी गटप्रमुखांचं सांगितलं. लेख काढा, खुलासा द्या, नवोदित लेखिका, अपरिपक्व मांडणी. वन्संनी ऐकून घेतलं. पाय पुन्हा एकदा दाबला गेला, या वेळी अगदी जमिनीपर्यंत.

"काही काढायचं नाही. तो एक शब्द काढ. आणि खुलासा मी देते, मेले मी आहे." त्यांनी सुनेला जवळ बोलावलं आणि तिच्याकडून माझ्या लेखाखाली टंकून घेतलं: 'मी जिवंत आहे. शेवटचा परिच्छेद वाचावा. गाडी चालवताना आणि वाचताना मध्येच थांबू नये.'

त्याखाली पाच मिनिटांत पहिला अभिप्राय आला: 'अप्रतिम.' दुसरा: 'शब्दच नाहीत.' तिसऱ्याने त्याखालीही श्रद्धांजली वाहिली. मग हळूहळू काही लोकांनी 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं असावं. एकाने लिहिलं की त्याची आईसुद्धा गाडीत बाजूला बसून असाच पाय दाबायची. एकीने विचारलं, गाद्यांची दुकानं खरंच किती होती. एकच होतं, तेही मामाचं. पण मी तिला तसं लिहिलं नाही, नुसतं लिहिलं की वाचल्याबद्दल आभार.

मी 'मायाळू' काढला. त्या जागी काय घालू म्हणून बराच वेळ विचार केला. 'शिस्तप्रिय' एवढंच पुरे झालं. मग तोही काढला, कारण पुढचा सगळा लेख तेच सांगत होता. गट सोडायचा कसा ते सुनेने दाखवायचं राहून गेलं.

पुढे मी लिहीत राहिले, अजून लिहिते. गटात माझे वाचक फार वाढले असं नाही, पण लोक माझा शेवटचा परिच्छेद आधी वाचायला लागले, कुणी मेलंय का बघायला. टाकण्याआधी प्रत्येक लेख मी वन्संना द्यायची. त्या तोंडाने कधी काही चांगलं म्हणाल्या नाहीत, आणि मी ते ऐकायला बसलेही नाही. मी टेबलाखाली बघायची. काही लेखांना पाय सारखा दाबला जायचा, ते मी फाडायची. काहींना स्वस्थ राहायचा. एकदा पियानोवाल्या बाईचा लेख मी पुन्हा लिहिला तेव्हा त्यांची चप्पल पायातून गळून पडली आणि त्यांना कळलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला लिहिता येतं. मग कुणी फूल ठेवलं काय आणि नाही ठेवलं काय.

आता त्यांतलं कोण कुठे आहे ते सांगून टाकते.

चारदा नापास झालेल्या त्या विद्यार्थ्याला वन्संनी दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा शिकवायला घेतलं. "फुलं आणलीस, आता फी नको," म्हणाल्या. तो पास झाला. मागे घेताना अजूनही गाडी कशाला तरी लावतो.

गटप्रमुखांनी विलापिकांचा संग्रह काढला. त्यात 'थांबलेले चाक' आहे, एक कडवंही कमी न करता. एक प्रत सहीनिशी त्यांनी वन्संना पाठवली. वन्संनी ती एका बैठकीत वाचून काढली आणि चार दिवस पाय शेकत बसल्या. गटप्रमुख आता आपल्या मुलीकडे राहतात. कविता थोड्या आखूड झाल्या आहेत, असं ऐकते.

सून आणि मुलगा दुसऱ्या देशात गेले. तिकडून ती माझ्या प्रत्येक लेखाला अंगठा देते. न वाचता देते, आणि मला ते चालतं. तिचा दुसरा जुना फोनही आता माझ्याकडे आहे.

ह्यांनी माझं काही कधी वाचलं नाही. "तू लिहिलंयस म्हणजे बरंच असेल," म्हणायचे. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रातली सूचना मीच लिहून दिली. खिडकीवर नवी मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, स्वभावाचे दोन शब्द?" मी म्हटलं, नकोत. तिला वाटलं मी पैसे वाचवतेय.

वन्सं शहाऐंशीव्या वर्षी गेल्या. परवाना नुकताच नवा करून घेतला होता. मी लेख लिहिला. वर तेच नाव, तोच काळा-पांढरा फोटो, या वेळी चौकट मी स्वतः दिली. वाचून दाखवायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने वाचला, आणि दोन ठिकाणी मला कळलं की इथे पाय दाबला गेला असता. ते काढलं.

दुपारी टाकला. लगेच अभिप्राय सुरू झाले. हसरे चेहरे. 'आजी, या वेळी फसणार नाही.' 'ताईंना नमस्कार सांगा.' 'थांबा, आधी शेवटचा परिच्छेद वाचतो.'

आणि त्यांनी वाचला. सगळ्यांनी 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं आणि वन्संना शोधत शोधत शेवटपर्यंत गेले. माझ्या आयुष्यात माझं लिखाण इतक्या माणसांनी पुरतं वाचलं ते त्या एकाच दुपारी.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. 'शब्दच नाहीत' असंसुद्धा नाही.